गाड्या गप्प करणारे नाना

धुळ्यात कुणी नवी गाडी घेतली की ती शोरूममधून आधी देवीच्या देवळात जायची आणि तिथून थेट प्रल्हादनानांच्या दुकानात. देवीपुढे नारळ फुटायचा, चाकांखाली लिंबं चिरडली जायची, आणि नानांकडे गाडीला कपडे चढायचे. सीट कव्हर, पायाखालचं मॅटिंग, काचेवरची काळी फिल्म, पुढे लोखंडी गार्ड. माझं बॅटरीचं दुकान त्यांच्या शेजारीच. मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे नाना मला समोरून दिसायचे आणि भिंतीतून ऐकू यायचे, अशी बरीच वर्षं गेली.

नाना मूळचे धरणगावकडचे, बोली अहिराणी. ठेंगणे, पांढरी विजार, पांढरा शर्ट, गळ्यात शिंप्याची टेप आणि कानामागे खडू. दुकानापुढे एका भंगारातल्या जीपचं सीट विटांवर बसवलेलं होतं, ते त्यांचं सिंहासन. गिऱ्हाईक कुणीही असो, त्याला ‘पाहुणा’ म्हणायचं आणि चहा पाजल्याशिवाय भाव सांगायचा नाही, हा त्यांचा नेम होता. चहा पिऊन झाल्यावर माणूस घासाघीस करायला लाजतो, असं त्यांचं म्हणणं. धुळ्याच्या माणसाला लाज वाटते हा त्यांचा गैरसमज होता, पण धंदा जोरात चालायचा हे खरं.

जुनं कव्हर काढून हातात घेतलं की ते गाडीवाल्याची कुंडली मांडायचे. ‘‘पाहुणा, तुम्ही खिडकीबाहेर कोपर काढीसन गाडी चालाडतस. आन् वहिनी तुम्हना मांगे बसतस, पुढे नई. काब्रं? भांडण व्हयनं का?’’ वहिनी शेजारीच उभ्या असायच्या. कधी त्या हसायच्या, कधी नवऱ्याकडे बघायच्या. नानांना त्याचं सोयरसुतक नसे. तोंडाला कुलूप लावणं त्यांना जमलंच नाही कधी, आणि ते पुढे त्यांच्या चांगलंच अंगाशी आलं.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. ‘‘गाडीनं माणूसनं ऐकानं. माणूसनी गाडीनं नई.’’ हे ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, आणि म्हणताना काउंटरच्या खणातून एक क्लिप काढायचे.

ती क्लिप पाहिली नसेल असा गाडीवाला आमच्याकडे सापडायचा नाही. सीट बेल्टच्या टोकाला जी लोखंडी जीभ असते ना, तेवढीच जीभ, बेल्टशिवाय. ती सीटशेजारच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं, माणसानं बेल्ट लावला. मग तिचं टिंग टिंग बंद. बेल्ट आपला खांबाला लोंबतोय, माणूस मोकळा बसलाय, आणि गाडी गप्प. कव्हरांचा सेट घेणाऱ्याला नाना ही क्लिप भेट द्यायचे. ‘‘कव्हरवर क्लिप फुकट.’’ पाटीवर लिहिलेलंच होतं तसं.

शिरपूरचे एक निवृत्त हेडमास्तर एकदा माझ्याकडे आले. मुलानं नवी गाडी घेऊन दिलेली. म्हणाले, ‘‘गाडी निघाल्यापासून ओरडतेय. बॅटरीत बिघाड असणार.’’ मी डोकावून पाहिलं आणि त्यांना भिंतीपलीकडे पाठवलं. नानांनी विचारलं, ‘‘गुरुजी, पट्टा का नई लावत?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘अहो, शर्टाची इस्त्री मोडते.’’ नाना खूश झाले. त्यांना इतकं रास्त कारण बऱ्याच दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. क्लिप खुपसली, आवाज थांबला. गुरुजींनी पुढच्या आठवड्यात पेढे आणून दिले. नाना मला पेढा देत म्हणाले, ‘‘आर्धं धुळं मी गप्प करं भो.’’

त्यांनी ते अभिमानानं म्हटलं होतं. आणि आम्ही सगळे हसलो होतो.

नानांची एकुलती एक मुलगी मनीषा. तिला जळगावला दिली होती. म्हणजे जावयाचं घर पाचोऱ्याकडे, शेतीवाडी तिथेच, पण योगेशराव जळगावला एका कंपनीत इंजिनिअर, म्हणून बिऱ्हाड जळगावात. शांत, उंच, थोडा लाजाळू मुलगा. सासऱ्याच्या बडबडीपुढे तो नुसता हसायचा. त्यांना एक मुलगी, ओवी. तेव्हा तीनेक वर्षांची असेल.

त्या वर्षी श्रावणात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं, ही आपली रीत. अनारसे, तांब्याचं ताट, दिवा, ज्याची जशी ऐपत. नानांना एकच जावई आणि हौस दहा जावयांची. त्यात योगेशरावांनी नुकतीच नवी गाडी घेतलेली. नाना मला आधी आठ दिवस सांगत होते, ‘‘सोनं बठ्ठा देतस. मी गाडी सजाडी दिसू.’’ सोनं काय सगळेच देतात, नाना गाडी सजवून देणार होते.

जावई आला त्या दिवशी गाडी सकाळपासून दुकानापुढे उभी. नानांनी कारागिराला हात लावू दिला नाही. कव्हरं स्वतः शिवलेली, स्वतः चढवली. तपकिरी रंग, पांढरा दोरा, शिवण अशी की पुन्हा पुन्हा बोट फिरवावंसं वाटे. दुपारी घरी वाण दिलं तेव्हा मीही होतो. इंदूकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, ताट आणलं. त्यात अनारसे, दिवा, सुपारी, आणि मधोमध कुंकू लावलेल्या दोन क्लिपा. एक चालवणाऱ्याची, एक शेजारच्याची. पितळी रंगाच्या, खास मागवलेल्या. सगळ्यांना गंमत वाटली. योगेशराव म्हणाले, ‘‘नाना, मी लावतो बेल्ट. सवय आहे मला.’’ नाना म्हणाले, ‘‘कंपनीमा लावा. सासराकडे मोकळं बसानं.’’

जेवायला मांडे होते. खापरावरचे, पुरणाचे, वर तुपाची धार. जावई नको नको म्हणतो आणि सासू वाढत जाते, हे आमच्याकडे प्रेम समजतात. ‘‘आखो एक ल्या, जवाईबापू.’’ आणखी एक. मग आणखी अर्धा. जेवण उरकलं, हात धुतले, आणि जावयाला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं म्हणून लगेच निघायचं ठरलं. भरल्या पोटी, डोळ्यांवर झापड, वर श्रावणाची रिपरिप. कुणी म्हटलं नाही की बाबा, जरा पडा आणि मग जा. नानांनी खिडकीतून हात घालून स्वतः क्लिप खाचेत बसवली. मनीषा ओवीला घेऊन मागे बसली, कारण पोर पेंगुळली होती.

पारोळा ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला केळीचा एक ट्रक टायर फुटून उभा होता. मागे लाल पट्टी नाही, दिवा नाही. दोन दगड आणि बाभळीची एक फांदी टाकलेली, तेवढीच सूचना. योगेशरावांना डुलकी लागली होती की फांदी दिसलीच नाही, ते आता कुणाला सांगता येणार. मनीषाचा हात मोडला. ओवी तिच्या कुशीत होती, दोन सीटांच्या मधे अडकली, म्हणून वाचली. योगेशराव तिथेच गेले.

नंतरच्या आठवड्यात नाना मला म्हणाले, ‘‘मला गाडी बघायचीय. घेऊन चल.’’ एरवी मायबोलीत बोलणारा माणूस त्या दिवसापासून कितीतरी दिवस माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलला, का ते मला कळलं नाही. आम्ही गेलो. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी होती. पुढचा भाग चेपला होता, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. बसायची जागा जवळजवळ जशीच्या तशी होती. स्टिअरिंगमधून एअरबॅग बाहेर येऊन लोंबत होती. ती उघडली होती. पण ती उघडते तेव्हा माणूस आपल्या जागी असावा लागतो, आणि त्याला जागी धरून ठेवायचं काम बेल्टचं असतं. बेल्ट खांबाला सरळ लटकत होता, शोरूममधून आला तसा. खाचेत ती पितळी क्लिप होती. तिच्यावर अजून कुंकू होतं.

नाना बराच वेळ वाकून पाहत राहिले. कव्हरांवर बोट फिरवलं. शिवण उसवली नव्हती. मग म्हणाले, ‘‘बस झालं. चल.’’ माझ्या गाडीत बसले, माझ्या सीटशेजारची क्लिप उपसून काढली आणि खिशात टाकली. तीही त्यांनीच दिलेली होती. मी बेल्ट लावेपर्यंत ते समोर बघत बसून राहिले.

तेराव्याला पाचोऱ्याकडच्या गावी मी नानांबरोबर होतो. योगेशरावांचे वडील, नानांचे व्याही, साधा शेतकरी माणूस. त्यांनी नानांना मिठी मारली आणि म्हणाले, ‘‘व्याही, आपलं नशीबच खोटं.’’ नाना मागे सरकले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘नशीब नई. मी दिधी ती क्लिप. मन्हा हातनी लाई.’’

मांडवात चहूबाजूंनी माणसं धावली. कुणी म्हणालं, ‘‘वेळ उनी व्हती, नाना.’’ कुणी म्हणालं, ‘‘पट्टा लायेल माणसं मरतस नई का?’’ एका म्हाताऱ्यानं सटवाईचा लेख काढला. इंदूकाकू बायकांतून उठून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘गप्प बसा हो, पोरीपुढे काय बोलताय.’’ आणि मनीषा भिंतीला टेकून, मोडलेला हात गळ्यात बांधलेला, समोर बघत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. बापाकडे मान वळवली नाही, रडली नाही, काही बोलली नाही.

परतताना नाना म्हणाले, ‘‘सगळ्यांनी मला माफ केलं. मी मागितली नव्हती माफी.’’

मला त्या लोकांचा रागच आला होता. अजून येतो. आपल्याकडे माणूस रस्त्यावर मेला की आधी त्याची वेळ येते, मग त्याचं नशीब येतं, मग देवाची मर्जी येते. ट्रकवाल्याची पट्टी, चालवणाऱ्याची झोप, खाचेतली क्लिप, यांची पाळी येतच नाही. ज्याला हिशेब द्यायचाय तो समोर उभा आहे, आणि लोक त्याचा हात धरून त्याला खाली बसवतायत. नानांना कुणीतरी ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणायला हवं होतं. खरं म्हणजे कुणीतरी नाही, मनीषानंच.

ती पाचोऱ्याला सासूसासऱ्यांजवळ राहू लागली. तिथल्याच शाळेत नोकरी धरली. नाना रोज संध्याकाळी फोन लावायचे. ती उचलायची. ‘‘बरी आहे. ओवी बरी आहे. तुम्ही जेवलात का?’’ एवढंच. आवाजात राग नाही, काही नाही. फोन ठेवून नाना जीपच्या सीटवर बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, ‘‘ती भांडत नई भो. भांडती तर बरं व्हतं.’’ त्या दिवशी ते पुन्हा आपल्या बोलीत आले होते.

दुकानाची पाटी त्यांनी उतरवली. दुसरी लावली, स्वतःच्या वाकड्या अक्षरात: ‘क्लिप मिळणार नाही. असेल ती आणून टाका.’ खाली एक पत्र्याचा डबा. डब्यात सुरुवातीला त्यांच्याच खणातल्या सगळ्या क्लिपा गेल्या. लोकांनी फारशा आणल्या नाहीत. समोर एका नव्या दुकानदारानं महिन्याभरातच ‘कव्हरवर क्लिप फुकट’ ही जुनी पाटी जशीच्या तशी उचलली.

नाना पुढे दुकानात कव्हरं विकायचे की भांडणं, हे सांगणं कठीण झालं. कुणी जाड कव्हर मागितलं की ते सीटच्या कडेला शिवलेलं एअरबॅगचं लेबल दाखवायचे. ‘‘हाई बाजूनी उघडस. तुम्ही वरथून गोधडी शिवशात तर कोठून उघडी?’’ लोखंडी गार्ड मागितला की सरळ नाही म्हणायचे. ठोकर बसली की गाडीनं चेपायचं असतं, गार्ड तो मार आत ढकलतो, असं सांगायचे. बाईनं बेल्ट काखेखालून घेतला असेल तर तिच्या नवऱ्याला ओरडायचे. सीटचं डोकं टेकायचं जे असतं ते कानाच्या उंचीला आणून ठेवायचे, न विचारता. गाडीत बसलेल्या प्रत्येकाची खाच वाजल्याशिवाय ‘‘निघा’’ म्हणायचे नाहीत. हे सगळं ते कुठून शिकले कुणास ठाऊक. कंपनीच्या माणसांना फोन करून करून भंडावलं असणार. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे खरं बोलणं पण माणसाला खोटं वाटावं असं ते बोलायचे.

गिऱ्हाइकं तुटली. तेच हेडमास्तर पुन्हा आले होते, कव्हर बदलायला. नानांनी आधी त्यांच्याकडून क्लिप मागितली. गुरुजी म्हणाले, ‘‘अहो, तुम्हीच दिली होती की.’’ नाना म्हणाले, ‘‘हो. म्हणूनच मागतो.’’ गुरुजींनी क्लिप दिली नाही. नंतर समोरच्या दुकानात गेले. जाताना मला हळूच म्हणाले, ‘‘डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या.’’ मी म्हटलं, ‘‘हो गुरुजी, थोडा उशिरा झाला.’’ त्यांना ते आवडलं नाही.

लग्नसराईत नानांना आमंत्रणं येणं बंद झालं, त्याचं कारण शिरपूर रस्त्यावरचं एक लग्न. आम्ही दोघं गेलो होतो, मुलीकडून. पाठवणी झाली. नवरीची गाडी फुलांनी मढवलेली, समोरच्या काचेवर अर्ध्यापर्यंत झेंडूची जाळी. पुढच्या सीटवर नवरदेवाचे मोठे मामा. पुढची जागा मानाची, आणि मानाच्या माणसाच्या मांडीवर घरातलं लाडकं पोर, ही आणखी एक आपली रीत. दोनेक वर्षांचं पोर डॅशबोर्डवर हात आपटत होतं.

नाना गर्दीतून गेले आणि त्यांनी दार उघडलं. ‘‘पोरले मांगे द्या.’’ मामा हसले. त्यांना वाटलं कुणीतरी म्हातारं पाहुणं लाड करतंय. नानांनी पोराला काखेत हात घालून उचललं. ‘‘समोरथून एअरबॅगना फुगा फुटना तर पोरनी मान मोडी. तुम्हना छातीनी आन् त्या फुग्यानी मधमा शे ते.’’ वरातीतल्या बायका ओरडल्या. नवरी गाडीत बसायच्या वेळी मान मोडणं, मरण, असले शब्द कुणी काढतं का? नवरदेवाच्या भावानं नानांच्या छातीवर हात मारून त्यांना ढकललं. चष्मा पडला. मी उचलला. मुलीच्या बापानं हात जोडले, ‘‘नाना, माझ्या पोरीच्या वाटेत विघ्न नका आणू हो.’’ बापाचे जोडलेले हात पाहून नाना बाजूला झाले. पोर पुन्हा मामांच्या मांडीवर गेलं. गाडी गेली.

काही झालं नाही. त्या गाडीला आजपर्यंत काहीही झालेलं नाही, ते पोर आता बालवाडीत जातं. हे मला नंतर कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं, नानांना सांगा म्हणून. मी सांगितलं. नाना म्हणाले, ‘‘देव करो आन् कधी नई व्हवो. हजार वेळा काही व्हत नई, म्हनीसन तर लोके फसतस. मी पन तसाच फसनू.’’

मग त्यांनी लोकांना सांगणं सोडलं आणि ट्रकांच्या मागे लागले. लाल चमकणाऱ्या पट्टीचं बंडल घेऊन ते दुपारचे ढाब्यांवर जायचे आणि उभ्या ट्रकांच्या, ट्रॉल्यांच्या मागे पट्ट्या चिकटवायचे. ड्रायव्हर खाटेवर जेवत असले तर नुसते बघायचे. एकदोघांनी शिव्या दिल्या. एकानं चहा पाजला. नाना चिखल पुसून, पत्रा कोरडा करून, वाकून पट्टी लावायचे, आणि सरळ होताना कंबरेला हात धरायचे. मला ते बघवत नसे. एका बाजूला वाटायचं, हा माणूस शहाणपणाचं काम करतोय. दुसऱ्या बाजूला ठाऊक होतं, तो एकाच ट्रकच्या मागे पट्टी लावतोय, आणि तो ट्रक केव्हाच निघून गेला.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही आली तरी चालते, आखाजीला लेक यावीच लागते. झोके बांधतात, गाणी म्हणतात. अपघातानंतरच्या पहिल्या आखाजीला मनीषा आली नाही. सासूबाईंना बरं नाही म्हणाली. नानांनी ऐकून घेतलं. दुकान उघडं ठेवलं, सणाच्या दिवशी. आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा डबा घेऊन काकू दुकानात आल्या तेव्हा म्हणाले, ‘‘भाऊला दे.’’ मी खाल्लं. नाही खाल्लं असतं तर काकूंना आणखी वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या आखाजीला ती आली. त्या आखाजीनंतर नानांनी दुकान विकलं आणि काकूंना घेऊन ते धरणगावकडे राहायला गेले, त्यामुळे मला आठवतात ते शेवटचे नाना त्या दिवशीचे.

मनीषा दोन दिवस राहिली. दोन दिवस बापलेक एका घरात होते आणि रसाच्या वाटीपलीकडे काही बोलले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. निघताना काकूंनीच तिला पाठवलं, नाना दुकानात आहेत, त्यांना सांगून जा म्हणून. तिनं गाडी चालवायला शिकून घेतलं होतं. एक जुनी लहान गाडी घेतली होती, तिला कव्हर नाही, काही नाही. मागच्या सीटवर मुलांची वेगळी खुर्ची बसवलेली, तिच्यात ओवी, पाच वर्षांची, पट्ट्यांत नीट बांधलेली.

मी माझ्या दारात उभा होतो. मनीषा खाली उतरली, नानांच्या पाया पडली, ‘‘निघते’’ म्हणाली. नाना ‘‘हा’’ म्हणाले. मग ते मागच्या दाराशी गेले. दार उघडं होतं. ओवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला एक पीळ पडला होता, मलाही दिसत होता. नानांनी वाकून पीळ सरळ करायला हात पुढे केला.

मनीषानं तो हात मनगटाला धरून बाजूला केला. आवाज चढवला नाही.

‘‘नाना, हात नका लावा तिले.’’

नाना तसेच वाकलेले राहिले.

‘‘तुम्हीच दिधी व्हती ती क्लिप. त्यासनी सांगं व्हतं तुम्हले, सवय शे म्हनीसन. ते लावतच व्हतात पट्टा. तुम्हीच नई लावू दिधा.’’

ओवी आईकडे बघत होती. नाना सरळ झाले आणि मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘‘हा बेटा. मीच दिधी.’’

ती थोडा वेळ उभी राहिली. ती आणखी काही बोलेल असं मला वाटलं, पण ती वाकली, पट्ट्याचा पीळ स्वतः काढला, ओढून पाहिला, दार लावलं. पुढे बसली, बेल्ट लावला. आरशात पाहिलं, वळायचा दिवा दिला, मागून येणारा ट्रक पूर्ण पुढे जाऊ दिला आणि मग गाडी रस्त्यावर घेतली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. गाडी चालवताना पाहूही नये.

नाना रस्त्याच्या कडेला उभे होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर माझ्याकडे वळले. चेहरा ओला झाला होता आणि मला शपथेवर सांगता येईल की तो गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच जरा सैल झालेला होता.

‘‘ऐकं ना भाऊ तू?’’ म्हणाले. ‘‘बोलनी ती.’’

‘‘ऐकलं नाना.’’

ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. एकदोघं जवळ आले, काय झालं म्हणून विचारू लागले, एकानं खांद्यावर हात ठेवून ‘‘जाऊ द्या नाना, नशीब’’ असं सुरू केलं. मी त्याला हाताला धरून बाजूला नेलं आणि नानांना पोटभर रडू दिलं.